पाच वर्षांचं दत्तक



दत्तक या शब्दाचा अर्थ आमच्या पिढीला कुणी समजावून सांगावा लागला नाही. प्रत्येक घराण्यात एखादं तरी दत्तक प्रकरण असायचंच. मूल एका घरातून दुसऱ्या घरात गेलं की त्याचं नाव बदलायचं, कुळ बदलायचं, आणि ते कायमचं. पाच वर्षांसाठी दत्तक घेतलेलं मूल मी तरी कधी पाहिलं नाही. पाच वर्षांसाठी घेतात ती जमीन, खंडाने. मुदत संपली की परत, आणि मधल्या काळात पिकेल ते घेणाऱ्याचं. म्हणून १८ सप्टेंबर २०२३ च्या त्या शासन निर्णयात ‘शाळा दत्तक योजना’ असं वाचलं तेव्हा पहिल्यांदा राग आला तो भाषेचा. (मराठी शिकवलेल्या बाईला राग आधी भाषेचाच येणार, सवयच तशी!) मग पुढचं वाचलं.

ज्यांनी तो कागद वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळा, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या, महापालिकेच्या शाळा, कंपन्यांना, संस्थांना किंवा व्यक्तींना पाच किंवा दहा वर्षांसाठी ‘दत्तक’ घेता येतील. ‘अ’ आणि ‘ब’ वर्गाच्या महापालिकेतल्या शाळेचा दर पाच वर्षांना दोन कोटी, दहा वर्षांना तीन कोटी. ‘क’ वर्गाच्या महापालिकेत एक कोटी आणि दोन कोटी. ‘ड’ वर्ग महापालिका, नगरपालिका आणि ग्रामीण भागात पाच वर्षांना ५० लाख आणि दहा वर्षांना एक कोटी. रोख रक्कम घ्यायची नाही, वस्तू आणि सेवा घ्यायच्या. देणगीदाराने कारभारात ढवळाढवळ करायची नाही. आणि त्या मुदतीपुरतं शाळेला देणगीदाराच्या पसंतीचं नाव देता येईल.

दर शब्द माझा आहे, शासनाचा नव्हे. पण गावाच्या वर्गवारीप्रमाणे रक्कम ठरते, मुदतीप्रमाणे वाढते आणि बदल्यात पाटीवर नाव मिळतं, त्याला दुसरं काय म्हणणार? हायवेच्या कडेच्या जाहिरातीच्या फलकांचं भाडं असंच ठरतं.

यावर माझा भाचा, जो गेली बरीच वर्षं इंग्लंडमध्ये आहे, फोनवर म्हणाला, “मावशी, पैसे कुठूनही येऊ देत ना. भिंती रंगतील, संडास होतील, मुलांना कॉम्प्युटर मिळेल. तुला नावाचंच का लागलंय एवढं?” हे त्याचं एकट्याचं म्हणणं नाही. आपल्या नात्यातल्या, नोकरीत वर चढलेल्या बऱ्याच मुलांचं म्हणणं हेच आहे. बोलताना ती सगळी चांगल्या मनाने बोलतात, हेही मला माहीत आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी नावाचंच घेऊ. देवळातल्या पंख्याच्या पात्यावर ‘कै. तात्यांच्या स्मरणार्थ’ असं लिहिलेलं असतं. पंखा फिरायला लागला की तात्या दिसत नाहीत, हा भाग वेगळा. पण पंखा दिला म्हणून तात्यांच्या मुलांनी देवाचं नाव बदललेलं मी पाहिलेलं नाही. आमच्या कर्जत-खालापुरात शाळांना देणाऱ्यांची कधीच वाण नव्हती. कुणी जागा दिली, कुणी कौलं दिली, कुणी घंटा दिली. एका वाडीत तर पितळी घंटा नव्हती म्हणून रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगला होता, तोही कुणीतरी ‘दिलेला’च होता, कुठून आणला ते आम्ही विचारलं नाही. या माणसांपैकी कुणी शाळा आपल्या नावावर करून मागितली नाही. आणि ज्यांनी स्वतः संस्था काढल्या, इमारती बांधल्या, त्यांची नावं त्या संस्थांना आहेत, ती असावीतच. जिल्हा परिषदेची शाळा ही तशी कुणा एकाच्या खिशातून उभी राहिलेली नाही. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या, त्याआधी ती स्कूल बोर्डाची होती. मालक बदलले तरी पैसा लोकांचाच होता. काडेपेटी विकत घेणारी ठाकरीण जो कर भरते त्यातून ती उभी आहे. तिच्या शाळेला नाव द्यायचं तर तिला कोण विचारणार आहे?

शिवाय नावाचा एक व्यवहार आहे, जो शहरात बसून कळत नाही. आमच्या भागातल्या कातकरी माणसाकडे सातबारा नसतो, घराचा उतारा नसतो. जन्माची नोंद जुन्या पिढीत क्वचितच. त्याच्याकडे कागद म्हणून जे काही असतं ते शाळेतलं. जातीचा दाखला काढायला तहसीलला गेला की पहिला प्रश्न येतो, बाप कुठल्या शाळेत होता, आजा शाळेत गेला होता का, जनरल रजिस्टरचा उतारा आण. मी स्वतः मुख्याध्यापकाच्या टेबलाशी उभं राहून चाळीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या रजिस्टरातली ओळ शोधली आहे. कडेने वाळवी लागलेली, शाई उडालेली. त्या ओळीवर एका घराचं नशीब अडलेलं असतं. आता समजा ही शाळा पाच वर्षं एका कंपनीच्या नावाची, पुढची दहा वर्षं दुसऱ्या ट्रस्टच्या नावाची, मग पुन्हा नुसती जि. प. शाळा. तीस वर्षांनी त्या मुलाचा मुलगा कचेरीत उभा राहील तेव्हा दाखल्यावर एक नाव, फलकावर दुसरं. कारकून काय म्हणेल ते तुम्हाला माहीत आहे. “नावात तफावत आहे, प्रतिज्ञापत्र आणा.”

बरं, नाव सोडून देऊ. ढवळाढवळ करायची नाही असं कागदावर लिहिलं आहे, यावर कितीसा विश्वास ठेवायचा? शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती आहे, तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बायका असतात. ही फार मोलाची तरतूद आहे. मी अशा समित्यांच्या बैठकांना बसले आहे. वीटभट्टीवरून आलेली बाई डोक्यावरचा पदर सारखा करत कोपऱ्यात बसते, चार बैठका काही बोलत नाही आणि पाचव्या बैठकीत एकदम म्हणते, “खिचडीत पानी लय असतं.” ते एक वाक्य यायला वर्ष लागतं. आता त्याच बैठकीत समोर खुर्चीवर ५० लाख देणाऱ्याचा माणूस बसला असेल, तर ती काय बोलणार आहे? मुख्याध्यापक तरी काय बोलणार? दात्याने हस्तक्षेप करावाच लागत नाही. पाहुणे यायचे म्हणून आदल्या दिवशी अभ्यास बंद ठेवून स्वागतगीत बसवलं जातं, हा हस्तक्षेपच आहे, पण तो कुठल्या कलमात सापडणार नाही. एका शाळेला एका कंपनीने पाण्याची टाकी दिली होती. टाकीवर कंपनीचं नाव हातभर अक्षरात, लांबून दिसेल असं. उद्घाटन, फोटो, वर्तमानपत्रात बातमी. पुढे तोटी गळायला लागली तेव्हा ती दुरुस्त करायची कुणी, यावर दीड वर्ष पत्रव्यवहार चालला. शेवटी गावातल्याच एका पोराने सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. असो.

आता मुद्द्याचं. माझं भांडण देणाऱ्यांशी नाहीच. कंपनी कायद्याच्या २०१३ च्या १३५ व्या कलमाप्रमाणे मोठ्या कंपन्यांनी गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचेच आहेत. तो पैसा शाळांना आधीही येत होता. त्यासाठी दत्तकाचं सोंग लागत नव्हतं. भांडण आहे ते देऊन टाकणाऱ्यांशी. त्यासाठी २०२३ चा तो पावसाळा जरा एकत्र पाहावा लागतो, कारण सुटे सुटे कागद वाचले की प्रत्येक कागद शहाण्यासारखा वाटतो.

जुलै २०२३. शिक्षकांच्या जागा रिकाम्या, म्हणून निवृत्त शिक्षकांना महिना २०,००० रुपये मानधनावर घ्यायचं ठरलं. वयाची अट ७० वर्षं. (मी त्यात बसत नव्हते, नाहीतर गुडघ्यांना न विचारता अर्ज केला असता.) त्याच वेळी डी.एड., बी.एड. झालेली पोरं पात्रता परीक्षा देऊन घरी बसली होती. ६ सप्टेंबर. सरकारी कामांसाठी खासगी संस्थांमार्फत कंत्राटी माणसं घ्यायचा निर्णय, त्यात शिक्षकही होते. यावर मात्र गदारोळ झाला आणि ऑक्टोबरमध्ये तो निर्णय रद्द करावा लागला. १८ सप्टेंबर, दत्तक योजना. आणि लगेच तीन दिवसांनी, २१ सप्टेंबरला, शिक्षण आयुक्तांचं पत्र निघालं की वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव पाठवा.

शिक्षक कमी करायचे, असलेले कंत्राटाने घ्यायचे, लहान शाळा मोठीत मिसळायच्या, आणि जी मोठी, सडकेवरची, दिसायला बरी शाळा उरेल ती दत्तक द्यायची. कुणी एका खोलीत बसून हा कट रचला असं मी म्हणत नाही. आपल्याकडे कट रचण्याएवढी शिस्त असती तर शाळाही बऱ्या चालल्या असत्या! पण पाणी उताराकडेच जातं, आणि हा उतार एका दिवसात तयार झालेला नाही. २०१२ साली स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आला. २०१७ च्या डिसेंबरात त्यात दुरुस्ती करून कंपन्यांना शाळा काढायला दार उघडलं. त्याच सुमाराला दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करायच्या ठरल्या. २०१३ मध्ये मुंबई महापालिकेनेही आपल्या शाळा खासगी संस्थांच्या भागीदारीत चालवण्याचं धोरण आणलं होतं. दत्तक योजना हे त्याच जिन्यावरचं पुढचं पाऊल.

त्या समूह शाळांचे आकडे पाहा. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा १४,७८३. त्यात मुलं १,८५,४६७ आणि शिक्षक २९,७०७. म्हणजे शाळेमागे साडेबारा मुलं आणि दोन शिक्षक. मंत्रालयातून पाहिलं तर हा अपव्ययच दिसणार. मुलं एकत्र करा, बस द्या, मोठ्या शाळेत खेळाचं मैदान, प्रयोगशाळा. पुणे जिल्ह्यातल्या पानशेतचं आणि नंदुरबारच्या तोरणमाळचं उदाहरण दिलं गेलं. विरोध झाल्यावर शाळा बंद होणार नाहीत असंही सांगितलं गेलं. पण ज्याने तो आकडा काढला त्याने नकाशावर उंची पाहिली नव्हती.

आमच्याकडे माथेरानच्या उतारावर, नेरळच्या वरच्या अंगाला वाड्या आहेत. खांडसच्या पुढे भीमाशंकरच्या पायथ्याला आहेत. इकडे खालापुरात चौकच्या वर इर्शाळगडाखाली इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर डोंगर आला. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ता असताना चार दिवसांनी शोध थांबवला. मदतीला गेलेल्यांना खालून चालत चढून जावं लागलं, मशिनं वर पोचेनात, हे सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. त्या वाडीत जिल्हा परिषदेची शाळा होती. त्या रात्री शाळेच्या इमारतीत असलेली काही पोरं वाचली आणि त्यांनी खबर दिली, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. जिथे सरकारची यंत्रणा संकटातसुद्धा धापा टाकत पोचली तिथे रोज सकाळी चढून जाणारा सरकारचा माणूस एकच, शाळेचा मास्तर. वाडीवर वीज गेली, कुणाला सर्पदंश झाला, बाईचे दिवस भरले, तर सरकार म्हणून जो कुणी ओळखीचा होता तो हाच. पुढे दोन महिन्यांत, त्याच राज्यात, वीसपेक्षा कमी मुलांसाठी शाळा परवडत नाही असा हिशोब निघाला.

राज्याच्या शिक्षणहक्क नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडचं एक किलोमीटर म्हणजे दोन वहाळ आणि एक वाहून गेलेला साकव. बस कुठपर्यंत येणार? डांबर असेल तिथपर्यंत. तिथपर्यंत सहा वर्षांचं पोर कुणाच्या हाताला धरून येणार? आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेले असतात. पट कमी होतो तो त्याचमुळे. पोरं सगळी त्या भट्टीवर. पावसाच्या तोंडावर परत येतात, शाळा उघडी असली तर बसतात. शाळाच नसेल तर मुलगे गुरांमागे आणि मुली धाकट्यांना कडेवर घेऊन. मग त्यांना ‘शाळाबाह्य’ म्हणून मोजायला पुन्हा शिक्षकांनाच पाठवतात.

एक गोष्ट तर सरकार स्वतःच विसरलं. २००० साली याच राज्याने वस्तीशाळा काढल्या होत्या. जिथे शाळा नाही त्या वस्तीवर, कुणाच्या पडवीत, झाडाखाली, गावातलाच शिकलेला पोरगा किंवा पोरगी तुटपुंज्या मानधनावर शिकवायची. त्यात खोटी खूप होत्या, त्या पोरांना वर्षानुवर्षं राबवून घेतलं. पण विचार सरळ होता, शाळेने मुलाकडे जायचं. तेवीस वर्षांत तो उलटा झाला आणि मुलाने शाळेकडे यायचं ठरलं.

आणि दत्तक? ५० लाख देणारा दाता इर्शाळगडाखालची शाळा कशाला घेईल? तो खोपोलीची, चौकची, नेरळची, स्टेशनजवळची, जिथे साहेबांची गाडी दारापर्यंत जाईल अशी शाळा घेणार. वर्षाला दहा लाखांच्या वस्तू आणि सेवा म्हणजे काय, त्याची किंमत कोण लावणार, हा आणखी एक प्रश्न. रंग, टॅबलेट आणि ‘व्यक्तिमत्त्व विकासाची कार्यशाळा’ यांची बिलं दहा लाखांची सहज होतात. शाळेला लागतो शिक्षक. तो वस्तूत मोडत नाही. कातकरी बोली समजणारा, पहिलीच्या पोराला ‘पुस्तकातली मराठी’ हळूहळू सवयीची करून देणारा, चार इयत्ता एका खोलीत सांभाळणारा शिक्षक कुठल्या सीएसआरच्या यादीत मी पाहिलेला नाही.

भाचा म्हणतो त्याच्या इंग्लंडमधल्या अॅकॅडमी शाळांबद्दलही सांगते, कारण त्याने तोच दाखला दिला. मी वाचलं. तिथे २००० साली घोषणा झाली, २००२ मध्ये पहिल्या शाळा निघाल्या. घसरलेल्या थोड्या शाळांना हात द्यायचा, प्रायोजकाने वीस लाख पौंडांपर्यंत द्यायचे, शाळा स्थानिक कौन्सिलच्या हातून काढून स्वतंत्र मंडळाकडे द्यायची, पैसा थेट मध्यवर्ती सरकारकडून. पुढे प्रायोजकाच्या पैशाची अट गळून पडली, मंडळं मात्र राहिली. २०१० च्या कायद्याने दार सगळ्यांना उघडलं. २०१६ च्या मार्चमध्ये तर सगळ्याच शाळा अॅकॅडमी करायच्या असं जाहीर झालं, आणि इतका विरोध झाला की मे महिन्यात सक्ती मागे घेतली. २०१७ मध्ये वेकफिल्ड इथल्या एका ट्रस्टने, ज्याच्या ताब्यात २१ शाळा होत्या, शाळा उघडल्या उघडल्याच हात वर केले. त्या शाळा दुसऱ्यांना वाटून द्याव्या लागल्या. काही अॅकॅडम्या उत्तम चालतात, भाच्याच्या मुलांचीही चांगली चालते, आनंद आहे. पण तिथे निदान सरकार प्रत्येक मुलामागचा पैसा देतं. आमच्याकडे उलटं, पैसा दात्याने आणावा आणि श्रेय दोघांनी वाटून घ्यावं. आणि तिथलंही प्रकरण ‘फक्त मदत’ म्हणूनच सुरू झालं होतं, एवढं त्याने लक्षात घ्यावं.

मदत कशी करतात याचं उदाहरण आम्हाला परदेशातून आणायला नको. माथेरानचे भाई कोतवाल, वकील झालेला न्हाव्याचा मुलगा. त्यांनी या भागातल्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या, वाड्यावस्त्यांवर स्वयंसेवी शाळा चालवल्या. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर गोळी खाऊन गेले. गुलामीच्या काळात सरकार करत नव्हतं म्हणून त्यांनी केलं. १८८२ साली जोतीरावांनी हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणासाठी सरकारचाच खिसा धरला होता. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात ते सक्तीचं आणि मोफत केलं. २०१० पासून तर कायद्याने तो प्रत्येक मुलाचा हक्क आहे. हक्काच्या गोष्टीसाठी दाता शोधायला निघणं म्हणजे रेशनच्या दुकानात बसून अन्नछत्राची पावती फाडणं.

जिल्हा परिषदेच्या शाळा आदर्श आहेत असं माझं म्हणणं नाही. कर्जत-नेरळच्या रस्त्यावर सकाळी पिवळ्या व्हॅन मोजा, त्यात इंग्रजी माध्यमाला निघालेली शेतकऱ्यांची, रिक्षावाल्यांची पोरं आहेत. आईबाप उगाच पोटाला चिमटा काढत नाहीत. आपल्या नात्यातलं एकही मूल आज जि. प. शाळेत नाही. त्यामुळे ती शाळा दत्तक गेली काय, मिसळली काय, आपल्या घरात कुणाचं जेवण बेचव होत नाही. ज्यांचं होतं त्यांना जीआर वाचता येत नाही.

भाच्याच्या कंपनीने विचारलंय म्हणे की गावाकडे काही द्यायचं असेल तर सुचवा. सुचवते. खालच्या वाडीच्या शाळेजवळचा साकव दुसऱ्यांदा वाहून गेलाय. शाळेचं कुंपण एका बाजूने पडलंय, म्हशी आत येतात. संडासला पाणी नाही. व्यवस्थापन समितीच्या बैठकीत येऊन विचारा, त्या बायकांना बोलू द्या, वर्ष लागलं तरी. सामान मुख्याध्यापकांच्या ताब्यात द्या, साठा रजिस्टरला नोंद करून घ्या आणि पोचपावती घ्या. पाटीला हात लावू नका, तिचा रंग गेलाय, तो गावातला पेंटर देऊन जाईल, मी त्याच्याशी बोलले आहे.